अब्बांची आठवी

आठवीत माझ्या जागी अब्बा बसले होते. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, “खरंच?” खरंच. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण इतकं चांगलं खोटं मला सुचणार नाही.

आम्ही दापोडीचे. रेल्वेच्या रुळांना लागून जी गल्ली जाते तिच्यात वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, त्यांच्यावर गच्ची, आणि गल्लीच्या तोंडाशी अब्बांचं टू-व्हीलरचं गॅरेज. अब्बांचं नाव मीरासाहेब. मूळचे लातूरकडचे, त्यामुळे इतकी वर्षं इथं काढूनही ‘करतोय’ न म्हणता ‘करायलो’ म्हणतात, आणि कुणी हसलं तर आणखी मोठ्यानं म्हणतात. अम्मी घर सांभाळते आणि शेजारणींचे कपडे शिवते. मी इफ्फत, त्यांची एकुलती एक. लॉकडाउनमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा सातवीतून आठवीत ढकललेली.

त्या उन्हाळ्यात रुळांवरून गाड्या जात नव्हत्या. लोणावळ्याची लोकल नाही, एक्स्प्रेस नाही, फाटकाची घंटा नाही. खडीवर कबुतरं आरामात चालायची, जसं काही रूळ त्यांच्यासाठीच टाकलेत. दुपारी मी गच्चीवर टाकीच्या सावलीत पडून राहायचे. जन्मापासून घराशेजारून गाडी धावताना पाहिली होती. आता गाडी थांबली होती आणि आमचं घरच हळूहळू लोणावळ्याकडे निघालंय असं वाटायचं. डोळे मिटले की भिंती सरकायच्या. अम्मी हाक मारायची तेव्हा घर परत जागेवर येऊन थांबायचं.

जूनमध्ये शाळा मोबाइलवर सुरू झाली. मोबाइल घरात एकच, तो अब्बांचा, आणि गिऱ्हाइकं त्याच्यावरच फोन करायची. गॅरेज नुकतंच उघडलं होतं. दवाखान्यातल्या नर्स, दूधवाले, औषधं पोचवणारी मुलं, सगळ्यांच्या गाड्या एकदमच बिघडत होत्या.

“मोबाइल घरी ठेवला तर लोक काय मला विचारणार, क्लच वायर आहे का म्हणून?” अम्मी म्हणाली. तिचंही बरोबरच होतं.

मग मीच गॅरेजवर जाऊन बसावं, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. गॅरेजवर पोरी बसत नाहीत. हा नियम कुणी केला माहीत नाही, पण आमच्या गल्लीत तो सगळ्यांना पाठ होता, मलाही.

शेवटी अब्बांनी तोड काढली. वर्ग सुरू झाला की तेच माझ्या नावानं ‘हजर’ टाकणार, म्हणजे नाव कटायचं नाही. एवढंच ठरलं होतं. जुन्या बुलेटच्या हेडलाइटची वाटी त्यांनी पान्यांच्या फळीवर ठेवली आणि तिच्यात मोबाइल उभा केला. त्या वाटीमुळे श्रद्धा मॅडमचा आवाज गॅरेजभर घुमायला लागला. नुसती हजेरी लावून मोबाइल बाजूला ठेवायचा होता, पण आवाज इतका छान घुमत होता की अब्बांनी तो बंद केला नाही. टायर खोलता खोलता ते ऐकत बसले.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी निरम्यानं हात घासले, चहा घेतला आणि गच्चीवर माझ्याशेजारी येऊन बसले. चेहरा असा, की बाजारातून काहीतरी आणलंय आणि पिशवी अजून उघडायची आहे.

“आज लई मोठं शिकवलं,” ते म्हणाले. “समुद्रात नद्या असत्यात.”

“अब्बा, नद्या समुद्राला मिळतात.”

“त्या वेगळ्या. ह्या समुद्राच्या आतच वाहायल्यात. गरम पाण्याची नदी, गार पाण्यातून. काठसुद्धा पाण्याचाच. मॅडम सांगायल्या होत्या.”

मी आकाशाकडे बघत राहिले. काठ पाण्याचाच. त्या रात्री आमचं घर लोणावळ्याला गेलं नाही, समुद्रात गेलं, आणि गरम पाण्यातून आपोआप वाहत राहिलं.

मग तो रिवाजच पडला. संध्याकाळ झाली की अब्बा आठवी घेऊन वर यायचे. पृथ्वीच्या पोटात एक इंजिन आहे, ते कधी बंद पडत नाही आणि त्याचं ऑइलही बदलावं लागत नाही. झाड ऊन खातं, पण चावत नाही. आणि प्रत्येक गावाची दुपार वेगळी असते, हे तर त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते आठवडाभर सांगितलं. “आता तुझ्या दादीची दुपार झाली बघ,” दुपारी जेवायला आले की ते म्हणायचे. “लातूरची दुपार आधी येती. तीच दुपार मग चालत चालत दापोडीला येती आपल्याकडं.” मी त्या दुपारची वाट बघायचे. सोलापूर ओलांडलं असेल, भिगवण ओलांडलं असेल, आता हडपसरला आली असेल. आमच्या गच्चीवर पोचली की मला झोप यायची.

वर्गातल्या मुली अब्बांनी कधीच पाहिल्या नव्हत्या. ते त्यांना आवाजावरून ओळखायचे. शुक्रवारी मॅडम सगळ्यांना कविता म्हणायला लावायच्या. एकीच्या मागे कुकरच्या शिट्ट्या, एकीच्या मागे सारखं रडणारं बाळ. आणि एकीच्या मागे म्हैस. ती माझी बाकावरची मैत्रीण पूनम. पिंपळे सौदागरच्या जुन्या गावठाणातली. चहूबाजूंनी टॉवर उठले तरी तिचे वडील सोपानराव यांनी गोठा हलवला नव्हता, त्यामुळे पूनमची कविता आणि म्हशीचं हंबरणं बरोबरच सुरू व्हायचं.

“तुमच्यात ती म्हशीवाली लई हुशार आहे,” अब्बा कौतुकानं सांगायचे. “मॅडमनं विचारलं की पहिलं उत्तर तिचंच.”

“आणि माझी पाळी आली की?”

“मी लिहितो की, माइक खराब.”

दीड वर्ष माझा माइक खराब होता.

आता अब्बांच्या कामाची एक तऱ्हा सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. अर्धवट काम गिऱ्हाइकाच्या हातात देणं त्यांना जमत नाही. कंपनीचा पार्ट मिळाला नाही तर ते लेथवाल्याकडून घडवून आणतात, घासतात, बसवतात, आणि गाडी पळवून दाखवतात. कुठला पार्ट कंपनीचा आणि कुठला त्यांचा, हे गिऱ्हाइकाला शेवटपर्यंत कळत नाही. धड्याचंही तसंच झालं. मधेच गिऱ्हाइकाचा फोन वाजला की वर्ग तुटायचा, आणि बोलून होईपर्यंत मॅडम पुढे गेलेल्या असायच्या. मग तुटलेला तुकडा अब्बा स्वतः घडवून बसवायचे. मला तुटका धडा कसा देणार?

समुद्राच्या तळाचा धडा असाच आला.

“समुद्राच्या तळाला डोंगर असत्यात,” त्यांनी सांगितलं. “दऱ्या असत्यात, पठारं असत्यात. वरच्यासारखंच सगळं.” मग त्यांनी रुळांकडे पाहिलं. “आणि गावं असत्यात.”

“गावं?”

“बुडालेली. घरं तशीच, दारं तशीच. लिंबाखाली पार आहे. एक शाळा आहे, दोन खोल्यांची. व्हरांड्यात घंटा लोंबायली आहे अजून. पाणी हललं की वाजती. पण वर कुणाला ऐकू येत नाही.”

इतकं सुंदर मला कुठल्याच धड्यात कधी मिळालं नव्हतं. तो अख्खा पावसाळा मी त्या शाळेत काढला. डोळे मिटायचे आणि खाली जायचं. व्हरांड्यातून आत गेलं की बाक ओळीनं मांडलेले असायचे. खिडकीतून मासे आत यायचे आणि फळ्यासमोरून निघून जायचे. कुणीतरी माझं नाव घ्यायचं, मी ‘हजर’ म्हणायचे, आणि ते तोंडातून बुडबुडा होऊन वर जायचं. मी मान वर करून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचे. आजूबाजूला फार शांत आणि हिरवं होतं. मला तिथून वर यावंसंच वाटायचं नाही.

जागेपणी मी अम्मीकडे शिवण शिकत होते. काजं, बटणं, मग सलवारी. गाड्या परत सुरू झाल्या, घर परत जागेवर राहायला लागलं. अब्बांचं काम इतकं वाढलं की ते बोलता बोलता गच्चीवरच झोपी जायचे आणि धडे आखूड होत गेले. आठवी संपली. सगळे पास, असं सरकारनं सांगून टाकलं. मीही पास. अम्मीनं शिरा केला.

नववीच्या ऑक्टोबरात शाळा उघडली. माझा गणवेश वीतभर आखूड झाला होता, अम्मीनं खाली पट्टी लावून दिली. वर्गात निम्म्या मुली ओळखू येत नव्हत्या. पूनम आली नव्हती. तिच्या जागेवर मी दप्तर ठेवलं.

श्रद्धा मॅडम स्क्रीनवर दिसत असतील त्यापेक्षा बारीक आहेत असं मला वाटलं, पण मला कसं ठाऊक, मी त्यांना स्क्रीनवर पाहिलंच नव्हतं. त्यांनी मागचं काय काय आठवतं ते विचारायला सुरुवात केली. समुद्राच्या तळाची रचना कोण सांगेल? माझा हात वर गेला. दीड वर्षांनी माझा माइक दुरुस्त झाला होता.

मी उभी राहिले आणि डोंगर सांगितले, दऱ्या सांगितल्या, पठारं सांगितली. मॅडम मान डोलवत होत्या. मग मी गावं सांगितली. लिंबाचा पार सांगितला. शाळा सांगितली, घंटा सांगितली, पाणी हललं की वाजते ते सांगितलं.

वर्ग खदखदून हसला. कुणीतरी मागून म्हणालं, “माशांना पण गणवेश असतो का गं?” मॅडम हसल्या नाहीत. त्या जवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाल्या, “बस बाळा. असं काही नसतं.”

हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मी बसले आणि मला एकेक आठवायला लागलं. पृथ्वीचं इंजिन? ऊन खाणारं झाड? समुद्रातल्या नद्या? लातूरहून चालत येणारी दुपार? ह्यातलं मॅडमचं कुठलं आणि अब्बांनी बसवलेलं कुठलं? मला वेगळं करता येईना. मला सगळंच येत होतं आणि त्यातलं काहीच खरं धरता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. डोकं दुखतंय म्हटलं, मग पोट, मग नुसतंच “नको वाटतंय.” अब्बांनी दोनदा विचारलं, मी तोंड फिरवलं. त्यांना काय सांगणार? की तुम्ही इतक्या प्रेमानं दिलेली गाडी पहिल्याच चढाला बंद पडली?

अशात चाकणहून फुफी आली. फुफी म्हणजे अब्बांची मोठी बहीण. तिचा मुलगा शहेबाज तिकडच्या एका कंपनीत लागला होता, पर्मनंट होण्याच्या बेतात होता. मुलगा चांगला, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार फुफीबद्दल आहे. तिनं माझी शिवलेली सलवार हातात घेतली, उलटी करून टाके पाहिले आणि अम्मीला म्हणाली, “कनीज, पोरगी तयार झाली की! लग्न अठरानंतर करू, घाई कुणाला आहे? आत्ता फक्त बोलून ठेवू. शाळा तशीही सुटलीच आहे.”

सुटलीच आहे. पावसात छत्री विसरावी तशी. अम्मीनं तिच्या कपात आणखी चहा ओतला, म्हणजे तिला पटत आलं होतं. आणि खरं सांगू, मलाही पटत आलं होतं. मशीनवर बसलं की कुणी प्रश्न विचारत नाही.

फुफी गेल्यावर अब्बा गच्चीवर आले. माझ्याशेजारी बसले. खालून लोकल गेली, तिचा आवाज विरेपर्यंत थांबले.

“तुला शाळा का नको?”

“नकोच.”

“कुणी काही बोललं का?”

मग मात्र माझा तोल गेला. “समुद्राच्या तळाशी गावं नसतात अब्बा!” मी ओरडले. “शाळा नसते! घंटा नसते! अख्खा वर्ग हसला मला! मला काय येतं आणि तुम्ही काय लावून दिलंय, मला कळतच नाही आता!”

निरम्यानं घासूनही नखांत काळं राहिलेले आपले हात अब्बांनी मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसले. मला वाटलं, आपण त्यांना मारलं.

सकाळी त्यांनी गॅरेजचं शटर उघडलंच नाही. आंघोळ केली, ईदचा शर्ट घातला आणि मला गाडीवर बसवून थेट शाळेत नेलं. मॅडम शिक्षकांच्या खोलीत एकट्याच होत्या. अब्बा दारातच उभे राहिले. गाडीचं इंजिन डोळे मिटून उघडणारा माणूस, पण शाळेच्या खोलीत आत यायला त्यांना धीर होईना.

“मॅडम,” ते म्हणाले, “मी इफ्फतचा बाप. दीड वर्ष हजर मी होतो. ही नव्हती.”

मॅडमना कळेना. मग अब्बांनी सगळं सांगितलं. मोबाइल, गॅरेज, हेडलाइटची वाटी, माइक खराब. आणि शेवटी म्हणाले, “आठवी मी पास झालोय मॅडम, ही झालेली नाही. हिला परत आठवीत बसवा.”

“असं खाली नाही आणता येत हो,” मॅडम म्हणाल्या. “सगळ्यांना पुढे पाठवायचा हुकूम आहे. मागं घ्यायचा हुकूमच नाही कुठला.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आणि ते गाव? समुद्रातलं?”

अब्बांनी मान खाली घातली. “तेव्हा एका गिऱ्हाइकाचा फोन आला. पुढचं ऐकायचं राहिलं. मग मी माझंच गाव बसवलं तिथं. धरणात गेलंय ते. मी चौथीत होतो. शाळेत पाणी आलं, घंटा पण कुणी काढली नाही. नव्या गावठाणात शाळा यायला लई वर्षं लागली, तवर मी पान्याला लागलो होतो.” त्यांनी खिशातून मोबाइल काढला. “पुढची शाळा मी ह्या मोबाइलवरच पाहिली मॅडम. तुम्ही लई चांगलं शिकवता.”

गाव धरणात गेलं, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण त्या वाक्यात एक शाळा आहे आणि शाळेत माझे अब्बा आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. मी ज्या बाकांवर पावसाळाभर बसले होते त्यांतला एक त्यांचा होता.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. “मी घरी भिंतीकडे तोंड करून शिकवायचे,” त्या म्हणाल्या. “समोर नुसत्या काळ्या चौकटी आणि नावं. वाटायचं, कुणीच ऐकत नाहीये.”

“मी ऐकायलो होतो की,” अब्बा म्हणाले.

खाली आणता येत नव्हतं, पण मॅडमनी दुसरी वाट काढली. शाळा भरायच्या आधी तासभर लवकर यायचं, आणि आठवी पहिल्या पानापासून. मी एकटी असेन असं वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात आम्ही इतक्या झालो की बाक कमी पडले. सगळ्याजणी पास झालेल्या, आणि सगळ्यांच्या जागी दुसरंच कुणीतरी हजर.

अब्बांनी फुफीला फोन केला. “आपा, पोरगी आठवीत बसलीय आत्ता. बोलणं नंतर.”

“आठवीत? नववीत होती ना?” फुफीचा आवाज मलाही ऐकू आला.

“व्हय, पण पाया परत भरायलो,” अब्बा म्हणाले आणि फोन ठेवला.

मी माझीही एक अट घातली. शाळा सुटली की मी सरळ गॅरेजवर येणार आणि त्या दिवशीचं तिथंच सांगणार, कारण अब्बांची नववी अर्धी राहिली होती. अम्मीनं नाक मुरडलं. अब्बांनी दोन टायर एकावर एक ठेवून वर जुन्या स्कूटरची सीट बसवली. पहिले काही दिवस गिऱ्हाइकं वळून वळून बघायची. मग त्यांना सवय झाली, आणि नियम कधी मोडला ते गल्लीला कळलंही नाही.

समुद्रात नद्या खरंच असतात. झाडाचंही जवळजवळ बरोबर निघालं. दुपार लातूरहूनच येते. जे चुकलं होतं ते मी अब्बांना दुरुस्त करून सांगायचे आणि ते मान डोलवायचे. फक्त घंटेचं मी काही दुरुस्त केलं नाही.

रोज धडा सांगून झाला की अब्बा एकच विचारायचे. “म्हशीवाली आली का?”

“नाही.”

“का बरं? ती तर रोज हजर असायची.”

तेच तर. आठवी अख्खी आणि नववी शाळा उघडेपर्यंत पूनमचं ‘हजर’ एकदाही चुकलं नव्हतं. शेवटी तिच्या गल्लीतल्या मुलीकडून कळलं. पहिल्या वर्षी वर्गाला पूनम स्वतः बसायची. नंतरचं ‘हजर’ तिचा भाऊ अजिंक्य त्याच्या मोबाइलवरून टाकायचा. पूनम गोठ्यात आणि स्वयंपाकात. घरात पैशाला तोटा नाही, मोबाइल माणशी एक. पण आत्यानं जुन्नरकडचं स्थळ आणलं आणि दिवाळीत सुपारी फुटली. म्हणजे त्यांच्याकडेही फुफी असतेच, तिला फक्त आत्या म्हणतात.

मी हे अब्बांना सांगितलं तेव्हा ते एका स्कूटरची चेन बसवत होते. चेन हातातच राहिली. फळीवरच्या हेडलाइटच्या रिकाम्या वाटीत रस्त्यावरच्या गाड्या उलट्या होऊन जात होत्या.

“लग्न झालं का?”

“नाही. सुपारी फक्त.”

“मग उद्या जाऊ.” त्यांनी चेन खाली ठेवली आणि फडक्याला हात पुसले. “मॅडमला पण विचार, येतात का.”

“अब्बा, ते लोक तुम्हाला ओळखत पण नाहीत. सोपानराव विचारतील, तुम्ही कोण? पूनमशी तुमचा संबंध काय? काय सांगाल?”

अब्बांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी फारच सोपा प्रश्न विचारला होता.

“सांगेन की,” ते म्हणाले, “आम्ही एका वर्गात होतो.”